मंगळवारची मोजणी

इमारतीत माणसं राहतात की नुसत्या भिंती उभ्या आहेत, हे ओळखायची वसुंधराची रीत अगदी घरगुती होती. ती वाळत घातलेले कपडे मोजायची.

ही रीत तिला विद्यापीठात कुणी शिकवली नव्हती. तिथं ती अर्थशास्त्रात एम.ए. झाली, पहिल्या वर्गात झाली आणि फोर्टातल्या एका लहानशा संस्थेत घरांच्या भावांचा अभ्यास करायला लागली. दर तिमाहीला संस्थेचं पत्रक निघायचं. बँका, वकील, पतपेढ्या ते वर्गणी भरून वाचत. पुढे मुलगी, सुरुची, झाली तेव्हा संस्थेचे प्रमुख फर्डिनंड सर म्हणाले, "वसुंधरा, तू घरी बसूनच वसई-विरारचं पान लिही. दलालांचा भाव मला इथं फोनवर कळतो. तू मला माणसं मोजून दे. भाव माणसांच्या मागून येतो."

माणसं मोजून दे! सांगायला काय जातं. सन दोन हजारच्या त्या मार्चमध्ये विरारच्या मनवेलपाड्यात जिकडे बघावं तिकडे इमारती होत्या. पण त्यातली किती घरं नांदती आणि किती नुसती घेऊन ठेवलेली, ते देवालाच ठाऊक. विजेचे मीटर मोजावेत तर ते बिल्डर आधीच बसवून ठेवतो. नावाच्या पाट्या मोजाव्यात तर हौशी मालक आधी पाटी लावतो आणि मग कुलूप. दारं वाजवत फिरावं तर कडेवर आठ महिन्यांची पोर.

मग एका सकाळी गॅलरीत लंगोट झटकून वाळत घालता घालता तिची नजर समोर गेली. तिसऱ्या मजल्यावर शाळेचा गणवेश, त्याखाली परकर, बाजूला कुणाची तरी खाकी पँट. आणि मधल्या घराच्या दोऱ्या रिकाम्या. वसुंधरा हातातला ओला लंगोट तसाच धरून उभी राहिली. बंद घराला कपडे कुठले धुवायचे!

तेव्हापासून दर मंगळवारी अकराच्या सुमाराला ती सुरुचीला कडेवर घेऊन, डोक्यावर छत्री धरून निघायची. मंगळवारच का, तर त्या दिवशी तिला मोकळीक असायची. तिच्या नवऱ्याच्या, जितेशच्या, ऑफिसच्या कँटीनमध्ये मंगळवारी मिसळ असे, तेव्हा डब्याची घाई नाही. आणि मंगळवारी घरात मासे नाहीत. बुधवार, शुक्रवार, रविवार ही मासेवाल्या फिलोमिनाची मक्तेदारी. त्या दिवशी सगळी सकाळ खवल्यांत आणि कालवणात जायची. मंगळवार बिचारा निर्मळ. एका हातात पोर, एका हातात छत्री, आणि छत्रीच्या दांड्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल. इमारतीसमोर उभं राहायचं, मजल्यामजल्याने नजर वर न्यायची आणि वहीत रेघा ओढायच्या. सुरुचीला ती पेन्सिल फार आवडायची. निम्म्या रेघा आईच्या, निम्म्या तिच्या; पण आईला आपल्या ओळखता यायच्या.

फिलोमिना वसईच्या पाचूबंदरची. धक्क्यावर लिलावात मासळी घ्यायची आणि पाटी डोक्यावर ठेवून मनवेलपाड्यात चार गल्ल्या फिरायची. वसुंधराच्या उंबऱ्यावर ती सगळ्यात शेवटी येई, कारण तिथं टेकायला मिळायचं, आणि सुरुचीला हाका मारायला मिळायचं.

एका बुधवारी पापलेट कापता कापता ती म्हणाली, "बाय, तू घरांची डाक्तरीन ना?"

"कुणी सांगितलं?"

"सगली गल्ली बोलते. मंगलवारी पोर घेऊन लोकांचं परकर मोजत फिरते म्हनून." फिलोमिना स्वतःच खळखळून हसली. मग कोयत्याचं पातं पाण्यात बुडवून गंभीर झाली. "माझी पॉलिन. जानेवारीत लग्न लागलं. जावय चांगला हाय, पर घरात तीन भावांची तीन बिऱ्हाडं. हे दोघं माळ्यावर झोपतात, जाल्यांच्या बाजूला. ती इथं विरारच्या हास्पिटलात नर्स. रातपाली करून जाते आनि जाल्यांच्या वासात झोपते. मी सोन्याच्या बांगड्या काढल्या. एक खोली-किचन घ्यायचं हाय तिला. दलालानं तिला दोन जागा दाखवल्या. एक ती सपनापूर्ती, बागबिग हाय, लिफ्ट हाय. दुसरी ती म्हातारी त्रिवेनी. बांगड्या एकदाच काढता येतात बाय. तू सांगशील तिथं घेते."

कुणाच्या आयुष्यभराच्या बांगड्या आपल्या एका शब्दावर टांगल्या जाव्यात, असं वसुंधराच्या बाबतीत आजवर कधी झालं नव्हतं. पत्रक वाचणारे वकील तिला दिसत नसत. फिलोमिनाचं मोकळं मनगट दिसत होतं, बांगड्यांच्या जागी गोरा पट्टा उरलेलं. पण वसुंधरा डगमगली नाही. तिच्याकडे वही होती.

"हे बघा मावशी," ती पान उघडून म्हणाली. "तीन मंगळवार मोजलंय. स्वप्नपूर्तीच्या सी विंगमध्ये चाळीस घरं, त्यातल्या एकतीस घरांत कपडे वाळतात. त्रिवेणीतही चाळीस घरं, पण कपडे कसेबसे नऊ घरांत. म्हणजे त्रिवेणी ओस पडत चाललीय. ओस इमारतीला भाव येत नाही आणि तिथं एकट्या पोरीने रातपाळीहून यावं असंही नाही. स्वप्नपूर्ती महाग आहे, पण वस्तीत राहील पॉलिन."

"लिहिलंय तसं?"

"लिहून फोर्टात धाडलंय."

धाडलंही होतं. 'वस्ती नव्या संकुलांकडे सरकत असून लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती रिकाम्या होत आहेत,' असं ठसठशीत वाक्य लिहून ती रात्री निवांत झोपली होती.

पुढच्या बुधवारी फिलोमिना आली ती खुशीत. "रविवारी चर्चात मिसा झाली की टोकन देते. तो बिल्डर हार्दिकभाय बोलला, एकच फ्लॅट राहिलाय." तिने सुरुचीच्या नाकाला बोट लावलं, पोरीने तोंड वेंगाडलं, दोघी हसल्या. मग मासे निवडता निवडता ती सहज म्हणाली, "पर तुझी ती सपनापूर्ती लई सोवली हाय हां. तीन महिने झाले, नवी जागा म्हनून जाते, खालून वरडते. एक शेपूट खपली नाय."

"शाकाहारी लोक असतील मावशी. गुजराती, मारवाडी."

"अगो, शाकाहारी मना म्हायती नायत? ते तर आधी खिडकीत येतात. 'ए, इथून जा, वास येतो' म्हनून वरडतात. इथं जा म्हनायला पन कोन नाय."

वसुंधराच्या हातातली वाटी थांबली.

"आणि त्रिवेणीत काय खपतं?"

"त्रिवेनीचं मना काय म्हायीत? ती जयवंतीची." वसुंधरा नुसती बघत राहिली, तेव्हा फिलोमिनाने एखाद्या अडाण्याला सांगावं तसं सांगितलं. जयवंती अर्नाळ्याची. मनवेलपाड्याच्या गल्ल्या मासेवाल्यांनी वाटून घेतल्यात. दुसरीच्या इमारतीत आपण पाटी उतरवायची नाही. उतरवली तर धक्क्यावर झिंज्या धरल्या जातात. "पानी पियाला पन त्रिवेनीच्या पायरीवर बसत नाय मी. बोलायला नको कोनाला."

फिलोमिना गेली आणि वसुंधराने भात तसाच गॅसवरून उतरवला. सुरुचीला कडेवर घेतलं. छत्री घ्यायचीही विसरली.

स्वप्नपूर्तीच्या सी विंगसमोर ती उभी राहिली आणि सुरुचीने हात वर केला. पहिल्या मजल्यावरच्या दोरीवर एक पिवळी चादर होती, तिच्यावर निळा मोर. मोराला बघून पोर हात हलवायला लागली, "आ, आ" करायला लागली. वसुंधराला आठवलं. काल, मंगळवारीही, पोरीने असाच हात केला होता. त्याच्या आधल्या मंगळवारीही. तीन आठवडे तोच मोर, त्याच दोरीवर, त्याच घडीवर. आईने रेघा मोजल्या होत्या. मोर पोरीने ओळखला होता.

मग तिला एकेक दिसायला लागलं आणि आजवर दिसलं नाही याचंच नवल वाटलं. एकतीस गॅलऱ्या, आणि एक झबलं नाही. एक लंगोट नाही, एक गणवेश नाही, एक टॉवेल नाही. नुसते शर्ट आणि चादरी. खालच्या शर्टाचा एक खांदा उन्हाने पार विटून गेला होता, दुसरा तसाच निळा. लेकुरवाळ्या बाईने हे पहिल्या दिवशी ओळखायला हवं होतं. घरात पोर असलं की दोरीला उसंत नसते.

रखवालदाराची बायको पायरीवर मटार सोलत होती. वसुंधराने सरळच विचारलं, "ताई, हे कपडे कुणाचे?"

"हे होय? शेटनी गठ्ठा आणून दिलाय. गॅलऱ्या भरल्या दिसल्या पाहिजेत म्हनत्यात, रविवारी गिऱ्हाइकं येत्यात न्हवं. टांगून ठेवायचे झालं." बाईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिने सुरुचीच्या मुठीत एक मटारची शेंग दिली.

"राहतात किती जण?"

"आमी धरून? चार घरं."

परत येताना वसुंधरा मुद्दाम त्रिवेणीवरून गेली. आणि तिथं तर जत्रा भरली होती. फाटकात टँकर उभा, टाकीत नळी सोडलेली, जिन्यावरून बादल्या चढतायत, बायका एकमेकींवर ओरडतायत, आणि वर, गॅलरीगॅलरीत, कपड्यांचा नुसता पूर. दोऱ्या पुरेनात म्हणून कठड्यांवर, खिडकीच्या गजांवर. झबली, परकर, गणवेश, गोधड्या.

"आज काय आहे हो इथं?" तिने एकीला विचारलं.

"काय असायचंय? बुधवार." ती बाई बादली खाली न ठेवताच बोलली. "बुधवारी नि शनिवारी टँकर. मंगळवारी आमच्याकडे प्यायचे वांधे असतात, कपडे कोण धुतंय?"

मंगळवार. वसुंधराच्या स्वतःच्या नळाला रोज पहाटे तासभर पाणी यायचं, लंगोट रोज धुतले जायचे. त्यामुळे सगळ्या जगात रोजच धुणं होतं असं तिने धरून चाललं होतं. ज्या दिवशी आपल्याला सवड, त्या दिवशी ती मोजत होती. आणि नेमका तोच दिवस त्रिवेणीच्या हंड्यांत खडखडाट असण्याचा. तिथंच उभी राहून तिने मोजलं. चौतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन मोजलं, या वेळी दारांवरच्या दुधाच्या पिशव्या. चौतीसच.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून तिने फोर्टात फोन लावला. "सर, पत्रक छापायला गेलं?"

"उद्या जाईल. का?"

"वसई-विरारचं पान थांबवा. मी चुकीच्या दिवशी मोजलं. निष्कर्ष बरोबर उलटा आहे." आणि तिने मोर, मटार, टँकर सगळं सांगितलं, काही न लपवता.

सरांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "आता तुझ्या मतावर मी किती विश्वास ठेवू?"

"कालच्यापेक्षा आज जास्त," वसुंधरा म्हणाली. काचेच्या पलीकडे बूथवाला सुरुचीला वाकुल्या दाखवत होता. "आणि सर, मला आता कळलंय भाव कुठून चढणार ते. सोमवारी नवं पान देते."

पानाचं झालं. पण पान काही बांगड्या वाचवत नाही. रविवारला दोन दिवस उरले होते आणि पाचूबंदरच्या घरी फोन नव्हता. फिलोमिना उंबऱ्यावर येईपर्यंत थांबायचा धीर निघेना, तेव्हा शुक्रवारी सकाळी वसुंधरा पोरीला घेऊन एसटीने पाचूबंदरला उतरली.

किल्ल्याच्या भिंतीखाली लिलाव चालला होता. फिलोमिना दोन ढिगांत उभी राहून बोली लावत होती. वसुंधराला बघून तिने पदर खोचला. "तू कशी आली इथं? पोरीला बरं नाय?"

"पोर बरी आहे. मीच चुकले मावशी. स्वप्नपूर्तीत टोकन देऊ नका." आणि लिलावाच्या आरड्याओरड्यात तिने सगळं सांगितलं.

फिलोमिना ऐकत गेली तसतशा तिच्या भिवया चढत गेल्या. "आठवडाभर मी देवला सांगत होते, चांगली बाय भेटवलीस म्हनून! मी सकाली एक भाव आनि संध्याकाली एक बोलले तर गिऱ्हाईक मना चपलेनं मारील. वकीलबिकील तुझं वाचतात ते कसं मारत नाय गो?"

वसुंधराने मान खाली घातली नाही. "मारायचं तर मारा. पण रविवारी नको, आत्ता मारा."

फिलोमिनाने तिच्याकडे बघितलं. मग बाजूच्या टोपलीत हात घालून वरची दोन टपोरी पापलेटं उचलली. खाली सगळी बारकी, मऊ पडलेली. "हे बघ. वर मोठा, खाली बारका. चालीस वरसं ही टोपली वलखते मी. आनि टोपली इमारतीएवढी झाली तर फसले." ती स्वतःशीच चुकचुकली. "चल. पॉलिनला उठव, रातपाली करून आलीय. ती सांगून ऐकनारी नाय. तिला दाखवूया."

पॉलिन ऐकणारी नव्हतीच. मनवेलपाड्यापर्यंत सगळ्या वाटेवर ती आईशी भांडत आली. "आय, तिथं लिफ्ट आहे, बोअरिंगचं पाणी आहे, गार्डन आहे. आणि इथं टँकर? मी ड्यूटी करून येऊन बादल्या उचलू?" मग वसुंधराकडे वळून, जरा आवाज उतरवून, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा ना, भाव कुठं वाढेल? उद्या विकायची वेळ आली तर?"

त्रिवेणीच्या फाटकाशी उभं राहून वसुंधराने तिला सांगितलं. हे बोलताना तिचा आवाज वर्गात पहिल्या बाकावरून उत्तर द्यावं तसा झाला होता. "पॉलिन, चार वर्षं विरारचा भाव उतरतोय, का? कारण ज्यांनी घेतली त्यातल्या निम्म्यांनी राहायला घेतली नव्हती, विकायला घेतली होती. आता सगळे विकतायत आणि घेणारा नाही. ते विकून संपले की उतार थांबणार. कर्जाचं व्याज खाली येतंय, म्हणजे तुझ्यासारखे पगारदार येणार. दोन-तीन वर्षं भाव जागचा हलणार नाही, मग चढेल. पण सगळीकडे सारखा नाही. स्वप्नपूर्तीत पाणी आहे, लिफ्ट आहे, बाग आहे. आणि तरी माणसं नाहीत. तिथं आता नवीन यायचं काय राहिलंय? इथं पाणी नाही, लिफ्ट नाही, आणि तरी चौतीस घरं भरलेली. उद्या सूर्या धरणाचं पाणी या नळाला आलं, की बघ."

"आणि नाही आलं तर?"

"तर आज राहतात तशी माणसं राहतील. तू रातपाळीहून येशील तेव्हा जिन्यात कुणाचा तरी दिवा लागलेला असेल."

पॉलिन वर बघत राहिली. जिन्यातून भांड्यांचा आवाज येत होता, कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून एक दणदणीत आवाज आला, "कोन ती? फिलोमिना? माझ्या इमारतीत काय करते गो?"

पाटी डोक्यावर, कंबरेवर हात, जयवंती जिना उतरत होती. शुक्रवार तिचाही. वसुंधराने आधी पाटीकडे बघितलं. तळाला दोन बोंबील आणि बर्फाचं पाणी. बाकी काही नाही.

"पाटी कुठंय बघ माझी," फिलोमिना दोन्ही हात पसरून म्हणाली. "रिकामी आलीय. लेकीला खोली बघायला."

"लेकीला?" जयवंतीने पॉलिनला नखशिखांत न्याहाळलं. "म्हंजे आज लेक आनि उद्या लेकीच्या दारात आयची पाटी! मना शिकवते?"

"येशूशपथ नाय."

"तुझा येशू तुझ्याकडं." जयवंतीने पाटी पायरीवर आपटली. "ही इमारत मी बांधकामाची वालू पडली तेव्हापासून धरली. गवंड्यांना खिलवलंय मी इथं. रोज पाटी खाली करते. दुसऱ्या मजल्यावर तर एक दार बंद नाय, ते बावीस नंबर सोडून."

"बावीस नंबरच घ्यायचा आहे," पॉलिन एकदम म्हणाली आणि स्वतःच दचकली. तोवर तिने हो म्हटलं नव्हतं.

फिलोमिनाने लेकीकडे बघितलं. मग वसुंधराकडे, मग त्या रिकाम्या पाटीकडे. चाळीस वर्षांच्या नजरेने तिने पाटी वाचली; वसुंधराची वही त्याच्यापुढं काय लागून गेली!

जयवंतीनेही सगळं ओळखलं. ती सावकाश म्हणाली, "घे. पर एक सांगते. लेक इथं राहिली तर मासे माझ्याकडनं घेनार. तुझ्याकडनं नाय. एक बोंबील पन नाय."

बिल्डरने सांगितलेला कुठलाच भाव फिलोमिनाला एवढा महाग पडला नव्हता. पाचूबंदरच्या फिलोमिनाच्या लेकीने मासे विकत घ्यायचे, तेही अर्नाळ्याच्या बाईकडून! तिचे ओठ हलले, हात मोकळ्या मनगटावर गेला आणि तिथंच राहिला.

"नाताळला आनि ईस्टरला माझे," ती शेवटी म्हणाली. "बाकीचं वरीस तुझे."

"ईस्टर नाय. नाताळ."

"दोनी. तुझी होली तुना सोडली."

"होलीला कोन मासे खातं गो?"

"म्हनून तर सोडली!"

आधी सुरुचीच हसली, कुणाचं काय चाललंय ते न कळता, नुसत्या आवाजांना. मग पॉलिन. मग जयवंतीने तोंडावर पदर घेतला. तळाचे दोन बोंबील तिने पॉलिनच्या हातात दिले. "हे पहिले. याचे पैसे नाय घेत. राहायला आली की घेईन."

बावीस नंबरच्या मालकाला त्याच संध्याकाळी निरोप गेला. तीन वर्षं कुलूप लावून भाव चढायची वाट बघून तो कंटाळला होता आणि घासाघीस फिलोमिना करत होती, तेव्हा त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

सोमवारी सुरुची झोपली तेवढ्यात वसुंधराने नवं पान लिहून काढलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की आधी धाडलेल्या पानातली मोजणी मंगळवारी झाली होती आणि म्हणून ती खोटी होती. दुसऱ्या ओळीत लिहिलं की पाणी नसताना जिथं माणसं टिकून आहेत, त्या इमारतींचा भाव पाण्यापाठोपाठ चढेल. जिथं सगळं असून माणसं नाहीत, तिथून दूर राहावं. 'बहुधा' हा शब्द तिने लिहिला होता, तो खोडला.

मे महिन्यातल्या एका बुधवारी, बाजूच्या गल्लीतून टँकरचा भोंगा ऐकू आला तशी ती पोरीला घेऊन निघाली. त्रिवेणीच्या दुसऱ्या मजल्यावर, आजवर रिकाम्या असलेल्या दोरीवर, नर्सचा पांढरा गणवेश वाळत होता. बाजूला एक लुंगी. सुरुचीने हात वर केला.

वसुंधराने वही उघडली आणि पेन्सिल तिच्या मुठीत दिली. पस्तिसावी रेघ पोरीने ओढली. जरा वाकडी, पण मोजणीत धरण्याजोगी.